जाऊबाईंनी अडवलेला सौदा

कचेरीत त्यांना 'चाळण' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं. दोन मोठ्या कंपन्या एक व्हायला निघाल्या, की त्यात गिऱ्हाइकाचं वाटोळं होणार नाही ना, हे तपासणारं ते सरकारी कार्यालय. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तिथे सिमेंट चाळलं, औषधं चाळली, विमानसेवा चाळली.

मग एक दिवस व्हिडिओ गेमचं प्रकरण त्यांच्या टेबलावर आलं. एक कंपनी टीव्हीला जोडायची खेळाची यंत्रं बनवायची. दुसरीचा एक लढाईचा खेळ होता, लोक त्याच्यापायी वेडे झाले होते. पहिलीला दुसरी विकत हवी होती. साहेब म्हणाले, "पोरांचा खेळ तो. उरकून टाका."

उरकणं हा शब्द जाऊबाईंना शिवीसारखा लागतो. त्यांनी सरळ यंत्र घरी आणलं. पन्नाशी उलटलेली बाई, चष्मा कपाळावर सरकवून, सोफ्याच्या टोकाला बसून गोळ्या झाडू लागली. खेळात एक तुटका पूल होता. तो आला की त्या हटकून खाली पडायच्या.

"अगं, उडी मारायचं बटण कुठलं?" त्या मला विचारायच्या.

"ताई, मला कुठे येतंय?"

भावोजी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आमच्या बातम्या गेल्या त्या गेल्या, निदान पूल तरी पार करा!"

मग त्यांना खेळणाऱ्या माणसांना भेटायचं होतं. एकटीला जायला संकोच वाटला म्हणून मला सोबत नेलं. बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर खेळाचं दुकान होतं: अंधारी खोली, ओळीने पडदे, उसवलेल्या खुर्च्या. मला वाटलं होतं सगळी पोरंटोरं असतील. पण कोपऱ्यात एक बसचालक गणवेशातच बसला होता. जाऊबाईंनी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

"हा खेळ उद्या या यंत्रावरून काढून घेतला तर काय कराल?"

"दुसरं यंत्र बघीन."

"याच यंत्रावर दुसरा खेळ नाही चालणार?"

त्याने कानावरचा हेडफोन काढला. "बाई, माझा भाऊ परगावी असतो. फोनवर आम्ही 'बरा आहेस ना' याच्या पुढे जात नाही. खेळताना मात्र तास तासभर बोलतो. तो ज्या यंत्रावर जाईल, त्यावर मी."

परतताना जाऊबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "म्हणजे खेळ एकाच्या ताब्यात गेला, की माणसं मेंढरांसारखी त्याच्या वाड्यात. मग तो म्हणेल ती किंमत." त्यानंतर त्यांनी असे शेकडो लोक गाठले. उत्तर फिरून फिरून तेच.

सुनावणी खुली होती. मी मागच्या बाकावर बसले. कंपनीचे वकील गोड बोलणारे. म्हणाले, "मॅडम स्वतः खेळतात असं ऐकतो. कितपत जमतं?"

"अजिबात नाही. पुलावरून पडते."

हशा पिकला. त्या हसू ओसरेपर्यंत थांबल्या. "पण पडले की कुणीतरी अनोळखी येऊन उचलतं. या खेळात खरा माल तोच आहे, वकीलसाहेब. माणसं माणसांसाठी येतात. ती माणसं तुमच्याकडे गेल्यावर बाकीच्यांच्या दुकानात उरेल काय?"

अखेर सौदा नामंजूर झाला.

त्यानंतर जे झालं ते आम्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. विकत घेणाऱ्या कंपनीच्या यंत्राचे चाहते इंटरनेटवर तुटून पडले. जाऊबाईंच्या फोटोला शिंगं लावली, 'म्हातारे, जपमाळ ओढ' म्हणाले. भावोजी संतापले. जाऊबाई म्हणाल्या, "शिंगं जरा वाकडी काढलीत." पण त्या दिवशी जेवल्या नाहीत, हे मी पाहिलं.

कंपनी अपिलात गेली. न्यायाधिकरणाने प्रकरण परत पाठवलं: 'खेळ कुणाकडून काढून घेणार नाही' ही कंपनी देत असलेली हमी कचेरीने नीट तपासली नाही. सहकारी चरफडले. जाऊबाईंनी निकाल वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. इथे मी घाई केली."

मग कंपनी नवा प्रस्ताव घेऊन आली. खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवरही राहील. जाऊबाईंनी त्यातली भोकं शोधायला सुरुवात केली. फक्त जुना खेळ का, पुढचे भाग का नाहीत? त्याच दिवशी, त्याच दर्जाचा मिळेल का? मोडलं तर दंड कोण ठरवणार? कंपनीच्या नाकी नऊ आले, पण एकेक भोक बुजलं. शेवटी जाऊबाईंनीच मंजुरीची शिफारस केली.

आता प्रतिस्पर्धी यंत्रांचे चाहते खवळले. काल नकारासाठी ज्यांनी डोक्यावर घेतलं, तेच म्हणाले, बाई विकली गेली. मी विचारलं, "ताई, नाही म्हणून मोकळ्या झाला असता तर नाव राहिलं असतं."

"ज्याच्यासाठी नाही म्हटलं ते मिळालं. आता नुसत्या नावासाठी अडून बसू?"

मला त्यांचा खरा अभिमान वाटला तो तेव्हा. मोठ्यांना नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात. टाळ्या पडत असताना मत बदलणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

काही महिन्यांनी बातमी आली. विकत घेतलेल्या कंपनीतले खेळ बनवणारे बरेच लोक घरी बसवले होते. जाऊबाईंनी ती बातमी पेपरात शेवटपर्यंत वाचली.

"हे तुम्हाला थांबवता आलं असतं?" मी विचारलं.

"नाही. कायदा मला गिऱ्हाइकाचं विचारायला सांगतो. कामगाराचं विचारायला सांगत नाही." मग पेपर बाजूला ठेवून म्हणाल्या, "सांगायला हवं."

तेव्हापासून त्या कायदा बदलावा म्हणून मागे लागल्या आहेत. निवृत्त झाल्या, तरी या कायद्यावरच्या समितीने बोलावलं की स्वतःच्या खर्चाने जातात, ठणकावून बोलतात आणि रिकाम्या हाताने परततात. गेल्या खेपेला एका सभासदाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पूर्ण ऐकून घेतलं. घरी येऊन त्यांनी ते मला दोनदा सांगितलं.