आक्काचं शेवटचं गाणं

आप्पांचं दुकान म्हणजे शिंप्याच्या दुकानामागची अंधारी खोली. टेबल, जुना कॉम्प्युटर आणि सीडी वाचणारी दोन-तीन यंत्रं, एवढाच पसारा. लोक जुन्या सीडी आणून द्यायचे आणि आप्पा त्यातली गाणी जशीच्या तशी फाइलींत उतरवून, हवी तर नव्या सीडीवर तंतोतंत प्रत काढून द्यायचे. एमपीथ्रीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. म्हणायचे, "रस काढून चोथा विकायचा धंदा आहे तो. माझ्या फाइलीत कणभरही गळत नाही."

"आप्पा, सगळं फोनमध्ये वाजतं हल्ली. तुमच्याकडे येतंय कोण?" शिंपी विचारायचा.

"तुझ्याकडे तरी कोण येतंय?" आप्पा म्हणायचे, आणि दोघं हसायचे.

आप्पांची थोरली बहीण, आक्का, घशाच्या ऑपरेशनपासून मुकी झाली होती आणि आता अंथरुणाला खिळली होती. ओठ हलवायची, बाकीचं हातांनी सांगायची. एके काळी तिचा गळा असा होता, की ती गायला लागली की घरातली भांडणं थांबायची. मुलं मोठी झाल्यावर तिने हौसेने एका स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली होती. सीडीच्या मोजक्या प्रती जवळच्यांत वाटल्या. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि मूळ रेकॉर्डिंगही गेलं.

एक दिवस भाची आपल्या घरातली सीडी घेऊन आली. "मामा, आईला ऐकायचंय. पण ही फार अडकते."

पहिली तीन गाणी सुखरूप उतरली. चौथं हटून बसलं. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा आणि उत्तर सारखं आलं तरच तो खरा मानायचा, ही आप्पांची रीत. इथे दर खेपेला उत्तर वेगळं. त्यांनी सीडी दिव्यासमोर धरली. कडेचा चकचकीत थर खाल्ला गेला होता, चाळणीतून यावा तसा उजेड आरपार येत होता.

यंत्र बदललं, वेग कमी केला, मऊ फडक्याने पुसून पाहिलं. व्यर्थ. दुसरी प्रत चुलतभावाकडे होती, ती घर बदलताना गेली. तिसरी त्या गाण्यांना साथ केलेल्या तबलजीकडे. त्याने कबुतरं पळवायला बाल्कनीत टांगली होती. "आम्हाला वाटलं, आता कोण ऐकतंय," तो ओशाळून म्हणाला. उन्हाने तिच्यावरचं सगळं पार उडालं होतं.

"मामा, कॉम्प्युटर भरून काढतो ना मधलं? टाक भरून," भाची म्हणाली. "डॉक्टरांनी आशा सोडलीय रे. आईला कुठे कळणार आहे?"

आप्पांनी हे आयुष्यात केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. आजूबाजूच्या सुरांवरून यंत्राने मधली जागा बुजवली. त्यांनी प्रत काढली, फाइलीशी ताडून पाहिली. कुठेही फरक नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

आक्काने हेडफोन लावले, डोळे मिटले. चादरीवर बोटांनी ताल धरला. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. चौथ्या गाण्यात, अंतऱ्याच्या वरच्या सुरावर, बोटं थबकली. तिने डोळे उघडले आणि ओठ हलवले. आप्पांना कळायला वेळ लागला.

"इथे मी श्वास घेतला नव्हता."

"सीडी खराब झालीय गं," आप्पा म्हणाले. "तिथलं काहीच उरलं नाही. मी भरलंय ते."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हेडफोन काढून त्यांच्या हातात दिले.

"पहिली तिन्ही तुझीच आहेत. अगदी जशीच्या तशी. ती लावू?"

तिने नकाराने मान हलवली आणि कूस बदलली. नंतर तिने गाण्याचं नाव काढलं नाही, आणि पुढे फार दिवस काढलेही नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर भाचीने सीडी मागितली. आप्पांनी नवी काढून दिली. तिने घरी लावली आणि फोन केला. "मामा, यात तीनच आहेत."

"हो."

"चौथं?"

"ते नाही आता कुठे," आप्पा म्हणाले. फाइल त्यांनी पुसून टाकली होती.

भाची म्हणाली, "निदान ते चुकीचं तरी ठेवायचंस रे. आवाज तरी तिचाच होता ना."

फोन कधी बंद झाला ते आप्पांच्या ध्यानात आलं नाही. खोलीत यंत्रं नुसतीच फिरत राहिली.