दुसऱ्यांच्या दारांचं माझं गाव

मुरुडच्या एस.टी. स्थानकातला भोंगा बोलण्याआधी खाकरायचा. मग माइकवर दोनदा फुंकर बसायची, त्या फुंकरीत समुद्रावरचा वारा मिसळायचा आणि नाईककाकांचा जाड, किंचित नाकातला आवाज गाडीचं नाव घ्यायचा. नाईककाका तिथले वाहतूक नियंत्रक. मी गाव सोडलं त्या सकाळी त्यांनी मुंबईची गाडी पुकारली, क्षणभर थांबले आणि एस.टी.च्या कुठल्याही नियमात न बसणारं एक वाक्य साऱ्या स्थानकाला ऐकवलं : "गुरुजींची सुलभा आज परदेशी निघालीय. चालकानं काशीदची वळणं जरा सावकाश घ्यावी. पोरीला गाडी लागते."

सारं स्थानक हसलं. बाबा संकोचून स्वतःच्या चपलांकडे पाहू लागले. आई तेवढी हसली नाही. तिने आमसुलांची पुडी माझ्या पिशवीत आणखी खोल सारली, जणू तिची जागा नीट बसली की माझीही बसेल. नवऱ्याने हॅलिफॅक्समध्ये नोकरी धरली होती आणि मी त्याच्याकडे निघाले होते. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा आईबाबा दिसेनासे झाले होते. भोंगा मात्र पुढच्या गाडीचं नाव घेताना बराच वेळ ऐकू येत राहिला.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मुरुडात आमचं घर नव्हतं. बाबा प्राथमिक शिक्षक. बदलीच्या गावी भाड्याच्या दोन खोल्या. "आपण भाडेकरू. भिंतीला खिळा ठोकायचा नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणून आमच्याकडे बुद्धाची तसबीरदेखील ट्रंकेवर, भिंतीला टेकून उभी असे, आणि तिच्यासमोरची मेणबत्ती आई फार जपून लावी. आडनाव विचारून आम्हांला खोली नाकारणारी दारंही त्या गावात होती. ती कुठली, हे मी आता विसरले आहे. उघडी दारं मात्र आठवणीत राहिली, आणि त्या दारांचंच माझं गाव झालं.

त्यांतलं एक जुबेदाआपाचं, मोहल्ल्यातलं. आत शिरताच शिलाई मशीनच्या तेलाचा आणि कानातल्या अत्तराच्या बोळ्याचा वास एकत्र येई. आजही तेलाची कुपी उघडली की मला गुलाब आठवतो. मापाची फीत गळ्यात असून आपा माप नजरेनंच घ्यायची. "सरल उभी रहा गो, म्हावऱ्यासारकी वळवळू नको," म्हणत खांद्यावर टिचकी मारायची. मी निघाले तेव्हा तिने कापूस भरलेली एक बंडी शिवून दिली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "जा बाय, अल्लाच्या हवाली." हॅलिफॅक्सच्या बर्फात, जाड पार्का कोटाच्या आत, ती बंडी मी शिवणी उसवेपर्यंत घातली. लायब्ररीत कामाला लागल्यावर सहकारी विचारत, आत काय घातलंयस? मी सांगे, माझ्या गावचा कापूस.

दुसरं दार कोळीवाड्यातलं, वत्सलाचं. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी कॉलेजात कविता शिकू लागले आणि तिने आईची टोपली डोक्यावर घेतली. त्यावरून ती मला छळायची. "तुला कविता पाठ, मला काटं पाठ. बगू जेवायला कोन बोलावतंय!" जेवायला अर्थातच तीच बोलवायची. ताटात मांदेली पडली की काटा काढण्याच्या माझ्या सावधपणाची नक्कल करून सगळ्या घराला हसवायची. फोनमध्ये आवाज पाठवण्याची सोय झाली तशी ती किनाऱ्यावरूनच बोलू लागली. निम्मं बोलणं वाऱ्यात उडून जाई. मी ते स्वयंपाकघरात, डिशवॉशर थांबवून, पुन्हा पुन्हा ऐके.

मग एकेक जण जाऊ लागला. आधी नाईककाका, मागोमाग आपा. बाबा निवृत्तीनंतर आईसह भावाकडे पनवेलला गेले होते. ती दोघंही तिथूनच गेली. प्रत्येक बातमी फोनवर आली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे दुसराच प्रहर होता. तिथे चिता विझत असताना, कबरीवर माती पडत असताना इथे मी बसथांब्यावरचा बर्फ बुटाने सारत असे. सहकारी मला कार्ड देत, आत सुंदर अक्षरांत छापलेलं दुःख. त्यांचा जिव्हाळा खरा होता. पण हॅलिफॅक्सचा समुद्र स्वच्छ आहे, थंड आहे, आणि त्याला वास नाही. शेवटी, गेल्या पावसाळ्यात, वत्सला गेली. आजार तिने मला कळूच दिला नव्हता.

या हिवाळ्यात मुरुडला जायचं ठरवलं तेव्हा भाऊ सहज म्हणाला, "आता तिथे कोण आहे आपलं?" त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण तो प्रश्न विमानभर माझ्या शेजारी बसून होता. जिथे आपली भिंत कधीच नव्हती आणि दारं उघडणारी माणसंही उरली नाहीत, त्या गावाला माझं म्हणण्याचा हक्क मला राहिला आहे का? एवढंच मला पाहायचं होतं.

मुंबईहून कॅटामरान बोटीने मांडवा, पुढे अलिबाग, मग मुरुडची एस.टी. स्थानकात उतरले तर भोंग्यातला आवाज तरुण होता, स्पष्ट होता आणि कुणालाच ओळखत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी मुरुडात लॉजवर उतरले. व्यवस्थापक आदबीने म्हणाला, "मॅडम, किल्ल्याची बोट सकाळी लवकर पकडा, मग गर्दी होते." मी मान डोलावली. आपाच्या घराला जाळीचं नवं दार होतं आणि त्याला कुलूप. मुलगा आखातात, असं समोरच्या दुकानदाराने सांगितलं. जाळीला नाक लावून मी उभी राहिले. रंगाचा वास आला.

राहता राहिला कोळीवाडा. वत्सलाची आई, भागामावशी, ओट्यावर सुपात जवळा निवडत बसली होती. तिची नजर मंदावली होती, बोटं नाही.

"कोन हाय?"

"मावशी, मी सुलभा. गुरुजींची."

सूप थांबलं. तिने डोळे बारीक केले. "आगो बाय! येवढी पांढरी कशी पडलीस? तिकडं सूर्य न्हाय काय?"

"आहे मावशी. नुसता दिसतो, लागत नाही."

"म्हंजे आमच्या सरपंचासारका," शेजारची सुमनवहिनी ओट्याखालून म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. हसता हसता मावशीचा चेहरा कधी मोडला ते कळलं नाही. मी तिच्याजवळ सरकले. तिच्या पदराला खारवलेल्या उन्हाचा वास होता. मग ती सांगू लागली, की वत्सला शेवटी शेवटी जेवत नव्हती, पण माझी काटा काढायची नक्कल तेवढी करून दाखवायची, पडल्या पडल्या, दोन बोटांनी. मावशीने ती दोन बोटं हवेत धरली. मला त्यात मी दिसले, आणि मला पाहणारी वत्सलाही.

सुमनवहिनीने चहा दिला. ऊन ओट्यावरून उतरलं तशी मी उठले. आपल्याकडे दुःखाच्या घरातून उठताना निरोप घेत नाहीत. आई बजावून सांगे, "अशा घरी 'येते' म्हणू नये, गप निघावं". कारण तसं येणं पुन्हा कुणावर येऊ नये. हे मला ठाऊक होतं. पण परमुलखात मी इतकी वर्षं नुसतं 'बाय' म्हणत आले आहे. 'येते' हा शब्द ज्याच्यापाशी ठेवावा असं उंबऱ्यातलं माणूस तिथे मला मिळालं नाही. पायात चप्पल सरकवताना, त्या ओट्यावरून शाळकरी वयात रोज निघायची तशीच निघताना, माझ्या तोंडून गेलं, "मावशी, येते."

सुमनवहिनीच्या हातातले कप वाजले. "आगो, काय बोललीस! असं बोलत न्हाईत गो!"

मी खिळून उभी राहिले. शब्द परत घेता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर घ्यावासाही वाटत नव्हता. मावशीने सूप मांडीवरून खाली ठेवलं. जवळ्याची धूळ हातांवरून झटकली. मग तिने माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं, सुमनवहिनीला हातानेच गप्प केलं आणि म्हणाली,

"ये."