स्वयंपाकघरातली फणी

रांझीच्या क्वार्टरात कुसुमबाईंचा एकच कायदा चाले: फणी स्वयंपाकघरात दिसायची नाही. दिसली की आधी आरडाओरडा, चौकशी मागाहून. सुजलेली बोटं चोळत त्या दिवसभर घरभर फिरत. एका जागी बसवतच नसे.

डॉक्टरांनी ल्यूपस नावाचा आजार सांगितला त्या दिवशी तर जास्तच. "माझंच शरीर माझ्यावर काहून उलटून राहिलं?" त्यांनी सुनेला विचारलं.

सुखदा शाळेत जीवशास्त्र शिकवायची. "आई, पेशीत डीएनएची जागा केंद्रकात. त्याबाहेर तुकडा दिसला की पेशीला वाटते विषाणू घुसला, अन् ती बोंब ठोकते. तुकडा कोणाचा हे ती पाहत नाही, कुठं पडला एवढंच पाहते. एरवी घरचा सांडलेला तुकडा लगेच साफ होतो. या आजारात कधी कधी तो तसाच राहतो, अन् बोंब थांबतच नाही."

"एवढी कशी बिनडोक," असं पुटपुटत कुसुमबाई पाणी प्यायला आत गेल्या. पिठाच्या डब्यावर फणी पडलेली.

"कोणी ठेवली ही? तुझ्या माहेरी चालत असन, इथं नाही."

सुखदा आणि तिचा नवरा ललित दारात येऊन उभे राहिले. कुसुमबाईंनी फणी उचलली. दातांत पांढरे केस अडकले होते, आणि घरात पांढरे केस एकट्या त्यांचेच.

त्यांना ते दिसलं, कळलंही. तोंड मात्र चालूच राहिलं.