पुण्याहून आलेलं पत्र

तंजावरला मुलींच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. आसपासच्या गावांत शिकवणाऱ्या आम्ही सहा-सात जणी महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या शाळेच्या ओट्यावर जमत असू. भातलावणीच्या दिवसांत मुली शाळेत येत नाहीत, ही तक्रार प्रत्येकीची. मग कोणी शाळा सुटल्यावर शिकायला येणाऱ्या बायकांना सही शिकवायची आपली युक्ती सांगे. जुन्या पुस्तकांची देवघेव होई.

एका शनिवारी रामेश्वराला निघालेल्या पुण्याच्या एक बाई आल्या. पुण्याला त्या बायकांना शिक्षिका करायचा वर्ग चालवत. माझं तंजावरी मराठी बोलणं ऐकून त्या हरखल्या. "अहो, माझी पणजी असं बोलायची!" माझ्या शेजारी आमच्या शाळेतली धाकटी शिक्षिका बसली होती. तमिळ घरातली बालविधवा, भावाकडे राहायची. तुमच्या वर्गात मला घ्याल का, असं तिनं माझ्या तोंडून विचारलं.

"चौकशी करून कळवते," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "इंग्रजीत लिहायचं म्हणजे माझी पंचाईत. पण आता तुम्ही आहात. तुम्हांला मराठीत लिहीन, चालेल ना?"

"लिहा की," मी म्हणाले.

मला मराठी वाचता येत नव्हतं. घरात बोलायचो मराठी, पण शिकले मी तमिळ आणि इंग्रजी. आजोबा मोडी लिहीत, ती त्यांच्याबरोबर गेली. राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांची हीच गत होती, त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण पुण्याच्या बाईंसमोर, गावोगावच्या शिक्षिकांसमोर, ते मला सांगवेना.

पत्र आलं. चार-दोन अक्षरं लागली, बाकी नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांना नागरी वाचता यायची, पण त्यांच्याकडे गेले असते तर गावभर झालं असतं. मी इंग्रजीत कार्ड टाकलं: पत्र पावलं, आनंद झाला. पत्र ठेवलं कपाटात, हजेरीपटांखाली.

"अक्का, पुण्याहून काही आलं?" धाकटी विचारायची.

"आलं. खुशालीचं आहे."

मराठी अक्षरं शिकवाल का, असंही तिनं विचारलं. "आधी बोलायला शीक," म्हणून मी टाळलं. तेव्हा ती आपणहून हिंदीच्या वर्गाला जाऊ लागली. लिपी तीच, पुण्याला उपयोगी पडेल, म्हणाली.

ऑगस्टात एका दुपारी ती म्हणाली, "ते खुशालीचं पत्र द्या ना, वाचून बघते." नाही म्हणायला कारण सुचेना.

बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत ती मोठ्यानं वाचू लागली. ती वाचत होती आणि समजत होतं मला. तुमच्या मैत्रिणीसाठी एक जागा राखली आहे. राहण्या-जेवण्याची सोय होईल. पंधरा जूनच्या आत होकार कळवा, नाहीतर जागा दुसरीला द्यावी लागेल.

"जून," ती थांबली. "जूनमध्ये काय होतं, अक्का?"

मी सांगितलं.

"तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"मला वाचता येत नाही."

तिनं पत्राची घडी घातली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मला सांगायचं होतंत," ती हलकेच म्हणाली. "रोज बायकांना काय सांगतो आपण? येत नाही म्हणायला लाजू नका म्हणून. मी तुम्हांला हसले असते का?"

त्याच संध्याकाळी मी बाईंना सगळं खरं खरं लिहिलं, इंग्रजीत. कोणाकडून तरी वाचून घेऊन त्यांनी उत्तर पाठवलं, तेही धाकटीनंच वाचलं: जागा गेली, पुढच्या वर्षी नक्की बघू. पण पुढचं वर्ष उजाडायच्या आत तिच्या भावाची मदुरेला बदली झाली. तिथं वहिनीचं बाळंतपण, मग मुलं. तिनं पुन्हा कधी शिकवलं नाही.

मी हिंदीच्या वर्गात नाव घातलं. पोरांच्या मागच्या बाकावर बसून अक्षरं शिकले. दीड महिना लागला, जास्त नाही.

शनिवारी बाकीच्या जणी तिच्याबद्दल विचारत. भावाची बदली झाली, गेली, एवढंच मी सांगायचे. कपाटातल्या पत्राचं त्यांना कधीच सांगितलं नाही.