सत्काराच्या हॉलमध्ये मी आमदारांना डॉक्टर मागितला

मंडळी, आत्ताच घरी आले आणि आधी हे लिहायला बसले.

आज इथे दुबईत, ऊद मेथाला, आमच्या कोकणातल्या आमदारांचा सत्कार होता. अधिवेशनात मांडलेले प्रश्न, मंजूर करून आणलेली कामं, सगळं त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. त्यात आमच्या गावचं आरोग्य केंद्रही होतं. खाली लिहिलेलं, 'चोवीस तास सेवा'.

मला राहवलं नाही. उभी राहिले. "साहेब, तिथे सात महिने डॉक्टर नाही. माझ्या बाबांना साप चावला तेव्हा दाराला कुलूप होतं. तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. जीव वाचला, पाय गेला."

आयोजक धावत आले. "ताई, आज प्रश्न नाहीत. खलास, बसा आता."

शेजारून लेक कुजबुजली, "आई, प्लीज सिट डाउन."

नाही बसले. साहेब हसून म्हणाले, "ऑफिसला मेल टाका ना."

"चार टाकले. एकालाच उत्तर आलं, 'आपल्या शुभेच्छांबद्दल आभार.'"

तेवढ्यात मागून आमच्याच गावचे रफीकचाचा उठले. "साहेब, माझ्या सुनेलाही कळा येत असताना तिथूनच परत फिरावं लागलं."

मग मात्र साहेबांनी सगळ्यांसमोर जिल्ह्याला फोन लावला. म्हणाले, सोमवारी डॉक्टर हजर होईल. मी म्हटलं, "सोमवारी केंद्रावर मी स्वतः फोन करणार."

घरी पोचेपर्यंत आयोजकांनी मला त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं होतं. काढा खुशाल! मतदार यादीत माझं नाव आहे, आणि दर निवडणुकीला मी विमानाने गावी जाऊन मत देते.

आपल्याच आमदाराला जाब विचारणं हा उद्धटपणा कधीपासून झाला? तुम्ही उठला असतात की बसून राहिला असतात?