सोळा काळे डबे

आता काय सांगू बायांनो, माझ्या नवसाची फजिती! ऐका आणि पोटभर हसा, फक्त चहा सांडू नका.

माझी लेक कल्याणी दहावीला होती, तेव्हा मी महादेवाला बोलले होते, "पोरगी गणितात पास होऊ दे, सोळा सोमवार करीन." झाली पास! तेव्हापासून 'सोळा' ऐकलं की माझे हात आपोआप जोडले जातात. कुणाच्या पोरीला सोळावं लागलं म्हटलं तरी!

आता हीच कल्याणी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला. घरातला जुना व्हिडिओ गेमचा डबा तिने उघडला आणि त्यात एक काचेची पट्टी बसवली. हिरवी, बोटभर लांब, दोन ओळींची. खेळाचं नाव आणि गुण त्यावर अक्षरांत उमटणार. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला कॉलेजात प्रदर्शन, आणि पट्टी कोरी! उजेड आहे, अक्षर एक नाही. तीन महिन्यांची मेहनत, पोरगी अगदी रडकुंडीला आली.

"आई, वायर तं सगळे लावले वो. मंग काहून नाही उमटून राहिलं?"

"थांब, मी नवस बोलते. अक्षर उमटलं का पुन्हा सोळा सोमवार!"

"नवसानं वायर जुळते का?"

"तू वायरचं पाय, मी देवाचं पायते."

डबा तसाच चालू ठेवून ती नवी वायर आणायला पवनीच्या बाजारात गेली. वार नेमका सोमवार. मी डब्याला हळदकुंकू वाहायला बसले. दसऱ्याला शिलाई मशीनला नाही का लावत आपण? तर पट्टीमागे एक इवलासा निळा स्क्रू दिसला. मला वाटलं, हाच सैल झालाय! चाकूच्या टोकाने दिला पिळून.

आणि काय आश्चर्य! वरच्या ओळीत काळे काळे चौकोन उगवले. मोजले, सोळा. पुन्हा मोजले, सोळाच!

मग मी गप्प बसते होय? कुंपणावरून शेजारच्या शकुनबाईंना हाक मारली.

"शकुनबाई, लवकर या वो! महादेव आले!"

"कुठी?"

"गेमच्या डब्यात!"

शकुनबाईंनी बोट लावून मोजले आणि आळीभर सांगून आल्या. अर्ध्या तासात डबा पाटावर, भोवती रांगोळी, वर बेलाचं पान आणि समोर नऊ बाया! मी घाईघाईने चुरमाही केला. आरती अगदी रंगात आली असताना कल्याणी दारात उभी.

"आई! हे काय होऊन राहिलं?"

"मोज! सोळा हायेत!"

तिने बेलाचं पान अलगद उचललं. "हा निळा स्क्रू कोणं फिरवला?"

"महादेवानं."

"चाकूनं?"

मी पदर सावरला.

"तो साधा स्क्रू नोहे वो. त्यानं अक्षर गडद-फिकं होते. आन् या ओळीत घरंच सोळा हायेत. करंट भेटला, पण निरोप काही समजला नाही, असं हे यंत्र सांगून राहिलं."

"म्हणजे तुह्या मायसारखंच!" शकुनबाई म्हणाल्या. "आन् आपण बिघाडाची आरती केली?"

सगळ्या हसल्या. कल्याणी मात्र एकदम डब्यावर वाकली. "म्हंजे पट्टी चांगली हाय! मी तं ते जळाली समजून राहिली होती. निरोपाच्याच वायरीत घोळ हाय!"

खरंच, दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. तिने त्या बदलल्या, लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं, आणि सोळा डबे जाऊन अक्षरं उमटली! इंग्रजी अक्षरं, पण शब्द मराठी. बाया म्हणाल्या, "वाचा वाचा, नवस तुमचा होता!" मी हात जोडून, भक्तिभावाने, मोठ्याने वाचलं,

"आई, हात लावू नको."

घाईत ती ओळ पुसायची राहूनच गेली. प्रदर्शनात परीक्षकांनी बटण दाबलं, तर पहिलं तेच! गृहस्थांनी दचकून हात मागे घेतले म्हणे. मग खूप हसले, आणि कल्याणीला बक्षीसही दिलं.

माझे सोमवार सुरू आहेत. बोलले ते बोलले. तुम्हीही आपल्या लेकींसाठी नवस बोला हो, मनापासून बोला. देव ऐकतो. फक्त सोळा सोमवारांच्या जोडीला माझ्यासारखा एक सतरावा नेमही धरा: चाकू स्वयंपाकघराबाहेर काढायचा नाही.