माझ्या गुडघ्याजवळचा कोड

गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, म्हणून मी गॅरेजात गेले. गॅरेजवाल्या शेठनी स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, हातातलं यंत्र पाहिलं आणि मी डोकावताच ते स्वतःच्या छातीकडे वळवलं.

"काय निघालं?"

"कोड आलाय ताई. तुम्हाला नाही कळायचं. गाडी ठेवून जा."

मी गाडी घेऊन परत आले आणि तसलंच एक छोटं यंत्र मागवलं.

ते लावायला वाकले, तर ते जोडायची गाडीतली खाच माझ्या गुडघ्याशीच होती. इतकी वर्षं गुडघा तिला घासत होता आणि मला पत्ता नव्हता. आईचा रिपोर्ट डॉक्टरांनीही असाच छातीकडे वळवला होता, आणि आमच्या इमारतीचा नकाशा बिल्डरने. शरीर आमचं, घर आमचं, आणि त्यांची बातमी मात्र दुसऱ्यांच्या छातीशी. साध्या कोडचं कोडं करून ठेवलं, की माणूस आपणहून मान खाली घालतो. मी घालणार नाही.

यंत्रावर एक अक्षर आणि चार आकडे उमटले. अर्थ सोबतच्या पुस्तिकेत होता: इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरमध्ये बिघाड. तो बदलणं मला येत नाही, म्हणून पुन्हा गॅरेजात गेले.

"सेन्सर बघा शेठ. आणि तुमचं यंत्र बॉनेटवर ठेवा, दोघांना दिसेल असं."

शेठ हसले. "ताई, मेकॅनिक झालात की."

"नाही. गाडीची मालकीण झाले."